ओढ्याकाठचा आकडा

२२ फेब्रुवारी, रविवार

आज घरात पंचायत बसली होती. विषय एकच, सासूबाईंना खालच्या वाडीत एकटं किती दिवस ठेवायचं. मोठे दीर फोनवर, नवरोबा सोफ्यावर आणि मी भाजी निवडत मधोमध. दोघा भावांचं म्हणणं असं की आईने आता वर गावात आमच्याकडे यावं, खालचं घर बंद करावं, जमल्यास विकून टाकावं. सासूबाईंना कोणी विचारलं होतं का? छे! त्यांना फक्त कळवायचं होतं.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, ज्या बाई रोज सकाळी थंडीत ओढ्यापर्यंत चालत जाऊन थर्मामीटर वाचतात, त्यांना कसली सोबत हवी? तुमच्यापैकी कोणी सकाळी उठून फाटकापर्यंत तरी जातं का?" नवरोबाने पोट आत घेतलं. मोठ्या दिरांच्या बाजूने नुसताच खोकला ऐकू आला.

शेवटी तोडगा मीच काढला. जोवर सासूबाईंचा सकाळचा आकडा येतोय, तोवर हा विषय काढायचा नाही. ज्या दिवशी त्यांना थर्मामीटरच्या पेटीपर्यंत जाता येणार नाही, त्या दिवशी सामान बांधायचं. दोघांनाही पटलं. संध्याकाळी सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांनी अट पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाल्या, "म्हणजे आकडा आला तर मी इथे, नाही आला तर तिथे." म्हटलं, "तसंच समजा, आई." सापही मेला आणि काठीही मोडली नाही. आज मी स्वतःवर खूश आहे.

वही नवी आहे, तेव्हा कामाचं रीतसर लिहून ठेवते. डोंगर आणि खोरं या दोन्हींच्या हवामानाचा अंदाज बांधायचा आणि सकाळ-दुपार रेडिओवर वाचायचा, ही माझी नोकरी. कॉम्प्युटरमधून जो अंदाज येतो तो अख्ख्या खोऱ्याला एकाच मापाने मोजतो. त्याला खालची वाडी दिसतच नाही. रात्री आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला की थंड हवा पाण्यासारखी उताराने घरंगळत जाते आणि ओढ्याकाठी साचून राहते. म्हणून खात्याने तिथे एक पांढरी पेटी उभी केली आहे. चार पायांची, झडपांची, आत थर्मामीटर. सासरे होते तोवर ते वाचायचे, ते गेल्यावर सासूबाई वाचतात. घरात येईपर्यंत आकडा विसरतो म्हणून पेटीसमोर उभ्या राहूनच मोबाइल लावतात. मागे ओढा इतका आवाज करत असतो की दोघींना ओरडावं लागतं. बर्फ वितळायला लागलं की मग तर विचारूच नका. ऑफिसातले म्हणतात, सासू-सुनेचं भांडण सुरू झालं, आता सात वाजले असतील.

आणि हे सगळं जर्दाळूसाठी. गेल्या वर्षी ऐन बहरात रात्रींमागून रात्री गारठा पडला. शेवटच्या रात्री लोकांकडे जाळायला काडी उरली नव्हती. सगळी फुलं काळी पडली, वाडीत एकाही घरात फळ आलं नाही. यंदाही तसंच झालं तर झाडं तोडतील, असं लोक उघड बोलतात. इशारा वेळेवर मिळाला तर बागेत शेकोट्या पेटवता येतात, पाण्याचे फवारे लावता येतात. म्हणजे ती पेटी, तो आकडा आणि माझा इशारा. बाकी सगळं त्यावर.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्रभर बर्फ पडलं. सकाळी सासूबाईंचा फोन वेळेवर आला नाही. माझा जीव टांगणीला. घरून नवरोबाचे तीन फोन, चौथ्याला म्हणाला, "निघतोच मी." तेवढ्यात सासूबाईंचा आला. "उणे चार." आवाज दमलेला वाटला.

"आई, बरं आहे ना?"

"बर्फ होतं गं. हळूहळू चालले. आणि ऐक ना..."

पुढे काहीतरी सांगत होत्या, पण बुलेटिनची वेळ झाली होती. मी ठेवला. आकडा आला ना, मग झालं.

३ मार्च, मंगळवार

सासूबाई खुशीत. नळवाला येऊन गेला म्हणे. त्याच्याकडून परसात थोडी कामं करून घेतली. "कसली?" विचारलं तर म्हणाल्या, "दोन खांब रोवून घेतले गं. आता माझं वय झालं, सारखं लांब जायला नको." कपडे वाळत घालायचे खांब असणार. म्हटलं, छान केलंत.

आणखी एक चांगली बातमी, फोन आता अगदी स्वच्छ ऐकू येतो. मी सवयीने ओरडले तर त्या म्हणाल्या, "हळू बोल, मी काही बहिरी नाही." टॉवर दुरुस्त झाला वाटतं. आपण इतक्या तक्रारी केल्या त्याचं काहीतरी चीज झालं.

११ मार्च, बुधवार

काहीतरी घोळ आहे आणि घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळत नाही. ढगाळ रात्री माझा अंदाज आणि सासूबाईंचा आकडा गळ्यात गळे घालून असतात. आभाळ निरभ्र असलं की फारकत. मी म्हणते उणे तीन, पेटी म्हणते शून्य. मी म्हणते उणे एक, पेटी म्हणते दोन. एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण हे चाललंच आहे.

आज सासूबाईंना विचारलं, "आई, नीट वाचता ना? चष्मा लावता ना?"

त्या चिडल्या. "लावते. पेटीचं दार उघडते, श्वास रोखून धरते, आकडा बघते, मग तुला सांगते. तुझ्या सासऱ्यांनी शिकवलं तस्संच. आणि अगं, आपली मांजर बघ..."

मांजरीचं पुन्हा कधी. डोक्यात एक कल्पना आली होती, ती निसटायच्या आत कागदावर उतरवली. यंदा खालच्या उतारांवरचं बर्फ लवकर गेलंय. उघडी काळी माती दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब खोऱ्यात सोडते. म्हणून खालची वाडी पूर्वीइतकी गारठत नाही! किती साधं आहे हे. कोणाच्या कसं लक्षात आलं नाही?

१५ मार्च, रविवार

नवरोबा आईला भेटून आला. मला जायचं होतं, पण वसंतात आमच्या खात्यात रजा मागणं म्हणजे वाघाच्या तोंडातला घास मागणं. आला तो कपाळाला टेंगूळ घेऊन.

"कशाने?"

"आईच्या परसात वाकलो होतो, उठताना खोक्यावर आपटलं."

"कसलं खोकं?"

"खोकं गं. लाकडाचं. पांढरंसं."

या माणसाला फ्रीजमध्ये समोर ठेवलेलं दूध दिसत नाही, त्याच्याकडून काय माहिती मिळणार! सासूबाई परसात काय काय साठवतात कोण जाणे. मलम लावलं. बाकी आई ठणठणीत आहे म्हणाला. उठली नाही फारशी, पण जेवली व्यवस्थित. दोन शाली पांघरून बसली होती.

"तू तर म्हणतेस तिकडे ऊब वाढलीये," तो म्हणाला.

म्हटलं, वयाने थंडी जास्त वाजते.

१८ मार्च, बुधवार

साहेबांचा विभागीय कार्यालयातून स्वतःहून फोन! काळ्या मातीच्या उबेवर मी पाठवलेलं टिपण वाचलं त्यांनी. "फार बारकाईने बघितलंय तुम्ही. पुढच्या बैठकीत यावर बोला." मी "हो साहेब, हो साहेब" करत उभीच राहिले, खुर्ची मागे असून. आजपासून निरभ्र रात्री खालच्या वाडीच्या अंदाजात तीन डिग्री मिळवायच्या, असं ठरलं. त्यांनी मान्यताही दिली.

इतकी वर्षं आमच्या केंद्राला लोक उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणत आले. आता बघू म्हणावं. बैठकीला कोणती साडी नेसावी याचा विचार करत होते, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

२४ मार्च, मंगळवार

सासूबाईंचे शेजारी, बागवाले भाऊ, गावात खत घ्यायला आले होते ते ऑफिसात डोकावले. वाडीत सगळ्यात मोठी बाग त्यांची, अगदी ओढ्याला लागून. टोपी काढून खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, परवा तुमचे रेडिओवरचे दोन डिग्री कुठे पडले? माझ्या बादलीत तर पापुद्रा धरला होता."

मी त्यांना समजावलं. उघड्यावरची बादली आपली उष्णता थेट आभाळाला देते, त्यामुळे हवेपेक्षा जास्त थंड होते. पापुद्रा धरला म्हणजे हवा शून्याखाली गेली असं नाही. चित्र काढून दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"असेल बुवा. तुम्ही शिकलेल्या, बादली बिचारी अडाणी. आणि काकूंचा आकडा पण दोनच होता म्हणता?"

"दोनच."

"मग प्रश्नच मिटला. काकू कधी खोटं सांगायच्या नाहीत."

जाताना सांगून गेले की कळ्या फुगल्या आहेत, आठवड्याभरात बहर येईल. "यंदा सगळं तुमच्यावर आहे, वहिनी," असं हसत म्हणाले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. ते गेल्यावर उगाचच बेचैन वाटलं. चहा घेतला, मग बरं वाटलं.

२९ मार्च, रविवार

आज खाली जायचं अगदी ठरलं होतं. सासूबाईंना सांगितलंही होतं. सकाळी सात वाजता ऑफिसातल्या माझ्या जोडीदाराला ताप आला आणि मला ड्युटीवर यावं लागलं. सासूबाई म्हणाल्या, "येऊ नकोस गं, काम आधी." मला वाटलं होतं त्या हिरमुसतील, पण उलट सुटल्यासारख्या वाटल्या. समजूतदार आहेत.

बहर आलाय म्हणे. खालची वाडी वरून गुलाबी दिसते, असं बसवाला सांगत होता.

३ एप्रिल, शुक्रवार, दुपारी

काल वरच्या डोंगरावर ताजं बर्फ पडलं. आज आभाळ धुऊन काढल्यासारखं स्वच्छ आहे. संध्याकाळी वारा पडेल. कॉम्प्युटर खालच्या वाडीला उणे दोन देतोय. त्यात माझे तीन मिळवले की अधिक एक. उणे दोनला उमललेलं फूल मरायला लागतं, अधिक एकला काही होत नाही. दुपारच्या बुलेटिनमध्ये वाचलं, "खालच्या वाडीसाठी गारठ्याचा इशारा नाही."

वाचताना जीभ जराशी अडखळली. का, माहीत नाही. आकडे बरोबर आहेत. दोनदा तपासले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

बुलेटिन संपलं आणि बागवाले भाऊंचा फोन आला. मला काही ऐकूच येईना. नुसता घों घों आवाज. मी ओरडले, "भाऊ, काय म्हणताय?" तेही ओरडले, "वहिनी, ओढ्याकाठी उभा आहे! पाणी मायंदाळ आलंय, इथे बोललेलं काही कळत नाही! इशारा नाही हे नक्की ना?"

ओढ्याकाठी ओरडावं लागतं. मग मी सासूबाईंशी गेला महिनाभर हळू आवाजात कशी बोलत होते? बर्फ वितळतंय, ओढा फुगलाय, आणि त्यांच्या फोनमागे पाण्याचा एक थेंब ऐकू येत नाही.

"भाऊ, तिथे पेटी दिसते का?"

"पेटी? ती तर कधीच काकूंच्या परसात आली की! स्वयंपाकघराच्या भिंतीजवळ! तुमच्या खात्यानेच हलवली ना?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळ्या वाडीला माहीत होतं. माझ्या नवऱ्याचं डोकं आपटलं त्या पेटीवर! फक्त मला माहीत नव्हतं, कारण मी काळ्या मातीच्या उबेवर टिपण लिहीत बसले होते. ऊब कसली, चुलीमागची भिंत ती! दिवसभर तापणार आणि रात्रभर ऊब सोडणार.

भाऊंना म्हटलं, "ठेवू नका. नाही, ठेवा. शेकोट्यांची तयारी करा, मी लगेच रेडिओवर सांगते." मग सासूबाईंना लावला.

"आई, पेटी कुठे आहे?"

अगदी बारीक आवाजात, "परसात."

"कधीपासून?"

"त्या बर्फात पाय घसरला गं. कंबरेवर पडले. ओढ्यापर्यंत जाववेना. नळवाल्याला सांगून उचलून आणवली, दोन खांबांना बांधून उभी केली. पण आकडा मी एकदाही खोटा सांगितला नाही हो. पेटी तीच, थर्मामीटर तोच, वाचणारी मीच. जे दिसलं तेच सांगितलं."

त्यांना वाटलं, थर्मामीटर कुठेही ठेवला तरी खरंच बोलणार. रागावायला तोंड उघडलं आणि आठवलं, अट मीच घातली होती.

त्याच पुढे म्हणाल्या, "आज रात्री फुलं जातील का?"

"जाऊ देणार नाही. पण मला सगळ्यांना सांगावं लागेल, आई. आकडे चुकीचे होते म्हणून."

"सांग की. माझं नाव घेऊन सांग." मग थांबून, "आता सामान बांधायचं ना गं?"

मी म्हटलं, "आधी बहर वाचवू." फोन ठेवल्यावर रडले, तोंडावर पाणी मारलं आणि साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "पेटी हलवली? कोणी?" म्हटलं, "निरीक्षकांनी. त्या माझ्या सासूबाई आहेत. पडल्या होत्या, मला सांगायची सोय मी ठेवली नव्हती. महिनाभराचे सगळे आकडे बाद करा आणि माझं टिपणही." मग म्हणाले, "आणि बैठक?" म्हटलं, "बैठकीत हेच सांगेन. पेटी कुठे ठेवू नये ते." तोंडावर आपटणं म्हणजे काय ते आज कळलं. पण साहेब चांगले निघाले, म्हणाले, "आधी रेडिओवर जा, कागद नंतर."

गेले. वाचलं नाही, बोललेच. "दुपारी मी सांगितलं ते चुकीचं होतं. मापाची जागा चुकली होती आणि ती मी तपासली नव्हती. खालच्या वाडीत आज रात्री उणे दोन किंवा त्याहून खाली जाईल. अंधार पडायच्या आत शेकोट्या रचा, फवारे लावा. पहाटे विझू देऊ नका." तेच पुन्हा पुन्हा सांगितलं. आवाज फाटला, फाटू दे.

नवरोबा मोटारसायकलवर खाली गेलाय. त्याला सगळं सांगितलं तेव्हा आपोआप हात कपाळाच्या टेंगळाकडे गेला त्याचा. टेंगूळ केव्हाच बरं झालंय.

४ एप्रिल, शनिवार

रात्र ऑफिसातच गेली. सात वाजले. मला वाटलं आज फोन येणार नाही. कशाला येईल?

फोन वाजला. उचलला तर नुसता ओढा! घों घों घों. आणि त्यातून सासूबाई ओरडत होत्या.

"उणे तीन!"

"काय?"

"उणे तीन गं! बहिरी झालीस का?"

"पुन्हा सांगा, आई! ऐकू येत नाही!"

ऐकू पहिल्याच वेळी आलं होतं. तरी मी त्यांना पुन्हा पुन्हा ओरडायला लावलं. ऑफिसातले बघत होते, बघोत.

मागाहून नवरोबाने सांगितलं. काल तो पोचला तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या, काठी टेकत. म्हणाल्या, "आधी पेटी जागेवर नेऊन ठेवा. त्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही." त्याने आणि बागवाले भाऊंनी ती उचलून ओढ्याकाठी नेली, मग शेकोट्यांना लागले. सकाळी सासूबाई एका हाताने त्याला धरून आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन तिथवर गेल्या. येताना जमेना, त्याने उचलून आणलं. "किती हलकी झालीये गं आई," असं म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

५ एप्रिल, रविवार

शेवटी खाली गेले. साहेबांनी स्वतः माणूस पाठवला माझ्या जागी.

ओढ्यालगतच्या झाडांची फुलं तपकिरी होऊन लोंबत होती. बाकी बाग गुलाबी होती, सगळीकडे धुराचा वास आणि लोकांची तोंडं काजळलेली. बागवाले भाऊ म्हणाले, "चार आणे गेलं, बारा आणे राहिलं. झाडं तोडायची नाहीत आता." मी त्यांची माफी मागितली तर म्हणाले, "वहिनी, माफी बादलीची मागा." सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हसले मीही.

सासूबाई पलंगावर होत्या, कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी. मी पायाशी बसले. मोठे दीर सकाळपासून दोनदा फोनवर म्हणाले होते, ठरल्याप्रमाणे करा म्हणून.

"आई, पडलात तेव्हा मला का नाही सांगितलं?"

"सांगत होते. तुझं बुलेटिन होतं."

मी खाली मान घातली. "आणि नंतर? घर सुटेल म्हणून?"

"ते तर होतंच. माझं घर आहे, का सोडू?" त्या शालीच्या दशा पिळत बसल्या. मग म्हणाल्या, "आणि अगं, पेटी गेली असती तर आकडा गेला असता. आकडा गेला की तुझा माझा फोन कशाला राहतोय? रेडिओवर तू सगळ्यांशी बोलतेस. सकाळचं तेवढं बोलणं माझ्या एकटीचं."

या बाई रोज पेटीचं दार उघडत होत्या, श्वास रोखत होत्या आणि माझ्यासाठी एक आकडा घेऊन येत होत्या. मी तो घेऊन फोन ठेवत होते. थर्मामीटरला तरी मी कधी कधी "कसा आहेस" म्हणते.

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि भोकाड पसरलं. पंचेचाळिशीच्या बाईला शोभत नाही, पण पसरलं. त्या माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "पुरे आता, शाल भिजली." मग नवरोबासमोर मोठ्या दिरांना फोन लावला आणि सांगितलं, "अट मी घातली होती, मीच मागे घेतेय. आई कुठे राहतील ते आई ठरवतील." नवरोबा म्हणाला, "दादा, मीही तेच म्हणतोय." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मोठ्या भावासमोर हा माणूस पहिल्यांदा बोलला.

"मग ठरलं," सासूबाई म्हणाल्या. "इथेच. आणि परसात जाणाऱ्या पायऱ्यांना कठडा हवा. नळवाल्याला सांगू नका, तो खांब वाकडे रोवतो."

१३ एप्रिल, सोमवार

विभागाकडून कागद आला. खालच्या वाडीचे नवे निरीक्षक बागवाले भाऊ. डॉक्टरांनी सासूबाईंना चालायला सांगितलंय, पण घरातल्या घरात, कठडा धरून. भाऊंची बायको दिवसातून दोनदा डोकावते. दर रविवारी आमच्यापैकी एकजण जाणार, ड्युटी असली तरी. साहेबांना तसं लिहूनच दिलंय.

सकाळी सात वाजता भाऊंचा फोन आला, ओढ्याच्या आवाजात. "दोन!" लिहून घेतला, धन्यवाद म्हटलं, ठेवला. बुलेटिनचा कागद हातात घेऊन स्टुडिओकडे निघाले तर फोन पुन्हा वाजला. सासूबाई.

"आकडा मिळाला का गं?"

"मिळाला, आई. दोन."

"बरं. मग मी ठेवते."

"आई, थांबा." स्टुडिओतून मला हाताने बोलावत होते. मी त्यांना हातानेच थांबा म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले. "त्या दिवशी मांजरीचं काय सांगत होतात?"

"अगोबाई, तुला आठवतंय?" आवाज एकदम वर चढला. "काय सांगू तुला! तेव्हा पोटुशी होती, आता चुलीमागच्या भिंतीशी पेटीची जागा रिकामी झाली ना, तिथेच व्यायली. चार पिल्लं. एक अगदी तुझ्या नवऱ्यासारखं, दूध समोर असून त्याला दिसत नाही..."

बुलेटिन उशिरा गेलं. साहेबांचा फोन आला, कारण विचारलं. म्हटलं, "खालच्या वाडीची माहिती घेत होते, साहेब."

"काही विशेष?"

"नाही साहेब. भिंतीजवळ ऊब आहे."